विश्लेषण : ‘बिग डॉग्ज’ची विहीर गाजली, विहिरीतले चालक कुठे?

जत्रेतला ‘मौत का कुआं’ महाराष्ट्रात कुणाला नवा नाही. पाळण्याशेजारी फळ्यांची गोल विहीर, वर कठड्याला टेकलेली गर्दी आणि आत भिंतीवर आडव्या धावणाऱ्या मोटारसायकली. जुलै २०२४ मध्ये हीच विहीर ‘बिग डॉग्ज’ या रॅप गाण्याच्या व्हिडीओतून जगभर पोहोचली. रॅपर हनुमानकाइंड, म्हणजे सूरज चेरुकट, मूळचा केरळचा आणि अमेरिकेत ह्यूस्टनला वाढलेला. गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत २३व्या क्रमांकापर्यंत चढले.

हे ‘इंडी’ कसे?

गाण्यामागे बडी संगीत कंपनी आहे, त्यामुळे काटेकोर अर्थाने नाहीच. पण आपल्याकडे चित्रपटाबाहेरच्या संगीताला सरसकट इंडी म्हणतात, तेवढ्यापुरते खरे.

व्हिडीओत वेगळे काय?

रॅप व्हिडीओ म्हटला की महागड्या गाड्या, सोनसाखळ्या आणि मधोमध गायक. दिग्दर्शक बिजॉय शेट्टी यांनी केरळमधील पोन्नानीत केलेल्या या चित्रीकरणात गायक मधोमधच आहे, पण विहिरीच्या तळाशी. खरा थरार त्याच्याभोवती, त्याच्या डोक्यावरून फिरतो. वेगामुळे चाके भिंतीवर दाबली जातात आणि घर्षण गाडीचा भार पेलते. वेग घटला की संपले. हे शास्त्र ठाऊक नसलेल्याच्याही पोटात गोळा येतो, कारण समोरचे संगणकावर रचलेले नाही. गाणे कळायच्या आधी धोका कळतो, आणि इंग्रजी न समजणाराही म्हणूनच थांबून बघतो.

चाहते काय करतात?

सर्वाधिक गर्दी ‘रिअ‍ॅक्शन’ व्हिडीओंची. परदेशी यूट्यूबर तोंडाचा आ वासतो आणि ते पाहायला भारतीय चाहते गोळा होतात. जत्रेत पाहिलेली, कदाचित नाक मुरडलेली गोष्ट ह्यूस्टन-लंडनच्या माणसाला आवडली की आपल्याला अचानक भारी वाटू लागते. हा अभिमान खोटा नाही, पण उसना आहे. शिवाय तो गायकापाशी आणि ‘भारता’पाशी थांबतो, गाडी चालवणाऱ्यांपर्यंत क्वचितच जातो.

जत्रेतल्या विहिरीत प्रेक्षक कठड्यावरून नोट पुढे करतो आणि चालक धावत्या गाडीवरून ती अलगद टिपतो. दाद थेट हातात पडते. मोबाइलवर तशी सोय नाही. लाइक, शेअर, रील यांतले काहीच हंगामी जत्रांवर पोट असलेल्या कलाकारापर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्यामुळे चालकांची नावे ठळक देणे आणि ती विचारणे, हे चाहत्यांचेही काम ठरते.

मराठी धागा कुठे?

मार्च २०२५ मध्ये आलेल्या ‘रन इट अप’मध्ये हाच प्रश्न आपल्या अंगणात येतो. चेंड्याच्या ठेक्यावरच्या या व्हिडीओत कलरीपयट्टू, पंजाबचा गतका, मणिपूरचा थांग-ता आणि महाराष्ट्राचा मर्दानी खेळही दिसतो. काही क्षणांचेच ते दर्शन, पण स्क्रीनशॉट काढायला पुरेसे. दांडपट्टा, लाठी, तलवार शिकवणारे कोल्हापूरचे आखाडे मात्र शिवजयंतीची मिरवणूक सरली की पुन्हा आपल्या चार-दोन वस्तादांच्या आणि पोराटोरांच्या भरवशावर असतात. त्या स्क्रीनशॉटखाली ‘आपला खेळ’ लिहिणाऱ्यांपैकी किती जण आखाड्याचा पत्ता विचारतात?