पगार वाढला, पण खातं कोणाला मिळालं?



एक मेच्या एका कार्यक्रमात अकोल्यात आम्ही एका वक्त्याचं भाषण ऐकलं. हेन्री फोर्डने मजुरी वाढवली आणि कारखान्याचं रूपच पालटलं, म्हणून कामगारांनी पगारवाढीचंच बोलावं, जातीचा प्रश्न मध्ये आणून एकी मोडू नये, असं त्यांचं म्हणणं. समोर बसलेल्यांत एमआयडीसीत कंत्राटावर राबणारी आपलीच पोरं जास्त. टाळ्याही पडल्या. आम्ही प्रश्न विचारायला उठलो, तर 'वेळ संपली'. म्हणून हे लिहावं लागतंय.

फोर्डची गोष्ट नेहमी अर्धीच सांगतात. जानेवारी 1914 मध्ये त्याने दिवसाची मजुरी पाच डॉलरवर नेली, म्हणजे आधीच्या जवळपास दुप्पट, आणि पाळी नऊ तासांवरून आठवर आणली. दया आली म्हणून नव्हे. सरकत्या पट्ट्यावरच्या कामाला कंटाळून माणसं पळून जात. एक जागा भरलेली ठेवायला वर्षात तीन-चार माणसं घ्यावी लागत. पगार वाढला आणि माणसं टिकली, हे खरं. पण पाच डॉलर हवे असतील तर कंपनीचा माणूस घरी येणार. दारू पितो का, घर स्वच्छ आहे का, बघून जाणार. त्या खात्याचं नाव काय, तर 'समाजशास्त्र विभाग'! (समाजशास्त्रात एमए केलेल्या आम्ही हसावं की रडावं?) पुढे फोर्डने काळ्या कामगारांनाही घेतलं, पण बहुतेकांना ढकललं ओतकाम खात्यात, आगीच्या आणि धुराच्या तोंडी.

हे ओळखीचं वाटतं ना? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली, आणि नेमका तिथेच अस्पृश्यांना मज्जाव. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. आपल्या माणसाच्या थुंकीचा विटाळ सवर्ण विणकराला नको होता. आपली माणसं मग रिंग खात्यात, कमी मजुरीवर. 1928 च्या संपात गिरण्या सहा महिने बंद होत्या. तेव्हा बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना ठणकावलं की सगळी खाती आमच्या माणसांना खुली करण्याची मागणी घाला, नाहीतर आमची माणसं संपात येणार नाहीत. नाखुशीने मागणी घातली गेली. मालक म्हणाले, हा अन्याय आमचा नाही. त्यात तथ्यही होतं, कारण विणकामाचं दार सवर्ण कामगारांनीच अडवलं होतं. आता सांगा, एकी कोणी मोडली?

पगाराचं मोल आम्ही कमी लेखत नाही. बलुत्याच्या दाण्यांवर जगणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांच्या हातात गिरणीने आणि रेल्वेने रोख पैसा ठेवला, तेव्हा कुठे गावकीच्या वेठीला 'नाही' म्हणायची ताकद आली. 1942 ते 1946 मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. कारखान्यातले आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले ते त्याच काळात, आणि 1948 च्या किमान वेतन कायद्याचं विधेयक 1946 मध्ये त्यांनीच मांडलं होतं. पण हेच बाबासाहेब 1938 साली मनमाडला रेल्वे कामगारांना सांगून आले होते की तुमचे शत्रू दोन आहेत, भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही. आजचे वक्ते एकाचंच नाव घेतात.

आता वऱ्हाडात या. हंगामात अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही जिनिंगमध्ये जाऊन उभे राहा. फिटर कोण, ऑपरेटर कोण, हजेरी लिहिणारा कोण, हे विचारा. आणि तोंडाला पदर बांधून, नाकातोंडात रुईची धूळ घेत कापूस ओढणारी बाई कोणत्या वस्तीतून येते, तेही विचारा. अकोल्याजवळच्या एका जिनिंगमधली एक बाई आम्हाला म्हणाली, "पंधरा वर्स झाले भाऊ, मशीन कशी चालते थे पाहून पाहून समजली, पण बटन नाई दाबू देत." किमान वेतनाचा दर सरकारने उद्या वाढवला, तरी तिचं बटन तिथेच राहणार.

तेव्हा युनियनवाले पगारवाढीचं निवेदन घेऊन आले की सही जरूर करा. पण सही करण्याआधी खाली पेनाने दोन ओळी वाढवा: कोणत्या खात्यात कोणत्या समाजाची किती माणसं आहेत याची यादी लावा, आणि ऑपरेटरच्या कामाचं शिक्षण आधी बायांना द्या. या ओळी खोडायला कोण पुढे येतं, ते बघून ठेवा आणि आम्हाला कळवा.