उघड मतदानाची अखेरची निवडणूक

1868च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ब्रिटनमध्ये झालेली सार्वत्रिक निवडणूक ही उघड मतदानाने झालेली तिथली शेवटची. आदल्या वर्षीच्या सुधारणा कायद्याने शहरांतील बिऱ्हाडकरू कामगारांना मताधिकार मिळाला आणि इंग्लंड-वेल्समधील मतदार सुमारे 10 लाखांवरून 20 लाखांवर गेले. तरीही खेड्यांतले बहुसंख्य शेतमजूर आणि सगळ्या स्त्रिया बाहेरच राहिल्या. मँचेस्टरच्या लिली मॅक्सवेल या दुकानदार बाईंचे नाव चुकून यादीत आले आणि 1867च्या पोटनिवडणुकीत त्यांनी मत दिले. पण वर्षभरातच न्यायालयाने स्त्रियांचा मताधिकाराचा दावा फेटाळला.

मतदार केंद्रावर उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगे आणि कारकून ते वहीत टिपून घेई. कोणी कोणाला मत दिले, हे जमीनदारापासून लपत नसे. लिबरल पक्ष जिंकला, ग्लॅडस्टन पंतप्रधान झाले. पण वेल्समध्ये जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध मत देणाऱ्या कित्येक कुळांना जमिनी सोडाव्या लागल्या. त्यांच्या हालांनी गुप्त मतदानाच्या मागणीला बळ दिले आणि 1872 मध्ये तसा कायदा झाला. मताधिकार निर्भयपणे बजावता येत नसेल तर तो अपुराच राहतो, हे या निवडणुकीने दाखवून दिले.