भिंतीवरची यादी

बेसबॉलवर लिहायला बसलोय म्हणजे आता या म्हाताऱ्याचं काही खरं नाही, असं वाटेल तुम्हाला. पण कारण घरचंच आहे. माझा नातू तिकडे न्यू जर्सीत असतो. वय वर्षे तेरा, आणि साहेब पिचर आहेत. मागच्या खेपेला गेलो तेव्हा त्याच्या खोलीत भिंतीवर एक यादी चिकटवलेली दिसली. एका हंगामात सर्वाधिक स्ट्राइकआउट घेणारे पिचर, १९०० सालानंतरचे. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद आणि श्रेय पिचरचं. आपल्या त्रिफळ्याच्या जवळपासचा मान म्हणा.

पहिला नोलन रायन, १९७३ साली ३८३. दुसरा सँडी कोफॅक्स, १९६५ साली ३८२. एकाच बळीचा फरक! आणि तो बळी रायनने हंगामातल्या आपल्या शेवटच्या सामन्यात, अकराव्या इनिंगमध्ये मिळवला. शिवाय त्याच वर्षी अमेरिकन लीगमध्ये पिचरऐवजी दुसऱ्याने फलंदाजी करायचा नियम आला. म्हणजे कोफॅक्सला समोरच्या पिचरचे जे सोपे बळी मिळायचे, ते रायनला नव्हतेच. हे सगळं नातवाने सांगितलं. पोरगा अभ्यासू आहे हो! (शाळेच्या पुस्तकांचं विचारू नका.)

पण यादीत एक गोष्ट नव्हती. कोफॅक्सने १९६६ साली ३१७ स्ट्राइकआउट घेतले, २७ सामने जिंकले आणि वयाच्या तिसाव्या वर्षी खेळ सोडला. कोपराला संधिवात.

अलीकडचे बघा. २०१९ चा पहिला गेरिट कोल, ३२६. २०२० च्या आखूड हंगामातला पहिला शेन बीबर, १२२. २०२३ चा स्पेन्सर स्ट्रायडर, २८१. बीबर आणि स्ट्रायडर यांच्या कोपरांवर २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, कोलच्या २०२५ मध्ये. २०२५ चा पहिला गॅरेट क्रोशे, २५५. त्याची २०२२ मध्येच उरकलेली. गंमत म्हणजे कोफॅक्सने १९६५ साली ३३५ इनिंग टाकल्या होत्या, स्ट्रायडरने १८६. टाकायचं कमी झालं तरी हात मोडतात, कारण आता प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकायचा. हे मी नाही म्हणत. मेजर लीगनेच डिसेंबर २०२४ च्या अहवालात वेग, फिरकी आणि सतत पूर्ण जोर याकडे बोट दाखवलंय. हे लोण शाळकरी मुलांपर्यंत पोचलंय, हेही त्यात आहे.

जावईबापू म्हणतात, "बाबा, रायन सेहेचाळीस वर्षांचा होईपर्यंत टाकत होता." खरंय. एकूण ५७१४ स्ट्राइकआउट. पण असा एखादाच असतो, आणि १९९३ मध्ये तोही थांबला तो कोपराचा अस्थिबंध तुटल्यावरच.

मला हे एवढं का लागावं? बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची त्या काळात मीही एका मुलाच्या मागे लागलो होतो. शाळेचं नाव यादीत यावं म्हणून पहाटे पाचला घरी बोलवायचो. पोरगं परीक्षेच्या आठवड्यात तापाने फणफणलं. नंतर त्याने गणित सोडलं ते सोडलंच. त्याच्या आईने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता लेकीने नातवाला हिवाळ्यात चेंडूचा वेग वाढवण्याच्या शिकवणीला घालायचं ठरवलंय. तायडे, तू हे वाचणार आणि फोन करणार, माहीत आहे मला. तरी लिहितो. घालू नकोस. त्याला चार महिने पोहायला पाठव, नाहीतर नुसता हुंदडू दे. तेरा वर्षांच्या कोपराची हाडं अजून वाढताहेत गं.

गेल्या रविवारी नातवाला म्हटलं, यादीत प्रत्येकाच्या पुढे इनिंग किती आणि नंतर हाताचं काय झालं, हे दोन रकाने वाढव. तो म्हणाला, "आजोबा, जागा नाही उरली." मग जरा वेळाने म्हणाला, कोफॅक्सपुढे पेन्सिलीने लिहिलंय.