दिव्यावर माप कोणी ठेवले?

'ज्याच्या लेखनात दम आहे तो आज ना उद्या वर येतोच', ही समजूत आपल्या साहित्यविश्वात इतकी मुरली आहे की तिला कोणी पुरावा मागत नाही. संमेलनाच्या व्यासपीठावरून ती ऐकू येते, पुरस्कार समारंभात ती उच्चारली जाते आणि प्रकाशकाविना, शिफारशीविना लिहिणाऱ्याची वही परत करताना तर ती हमखास कामी येते. आमचे स्पष्ट मत आहे की ही समजूत खोटी आहे. खोटी असून सोयीची आहे. लेखन आपोआप वर येत असेल तर ते शोधण्याची, वाचण्याची आणि विकत घेण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही.

इतिहास काय सांगतो? आपल्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी जतन केलेली आहे. लांबरुंद कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय ओवीबद्ध लिहून ठेवला. हा सिद्धहस्त कवी 1615 साली निवर्तला. त्याच्या अफाट लेखनापैकी बरेचसे आजही पोथ्यांतच आहे. पुढच्याच वर्षी, 1616 मध्ये, गोव्यातील राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. सुमारे 11 हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या 1649 आणि 1654 मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो ख्रिस्ती भाविकांनी हाताने नकलून घेतलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या प्रतींमुळे. त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला. फादर स्टीफन्सच्या लेखनात दम नव्हता काय? होताच, पण त्या दमाने ग्रंथ तारला नाही. तो तारला वाचकांच्या हातांनी.

जात्यावरच्या ओव्यांची गोष्टही हीच. ज्या बायकांना पाटी-पेन्सिल मिळाली नाही, त्यांनी पहाटेच्या अंधारात काव्य रचले. फ्रान्समध्ये जन्मलेले गी पॉइटव्हाँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आमच्याच जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या आहेत; त्यांचे ध्वनिमुद्रण 1996 साली झाले. 'पारी' या संस्थेने 2017 पासून हा संग्रह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि प्रत्येक ओवीपाशी गाणारीचे नाव व गाव नोंदले. नाव नोंदणे ही लहान बाब नव्हे. 'लोकसाहित्य' म्हणून गौरवायचे आणि रचणारीला निनावी ठेवायचे, हा गौरव नसून तिच्या मालकीचा अपहार आहे.

आता आजच्याकडे वळू. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल फेडण्यासाठी या जिल्ह्यातून कोयते बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याच्या परिसरात कोपी. सहा महिने उसाचा फड. या घरांतही लिहिणारी मुले-मुली आहेत. कोणी शाळेच्या उरलेल्या वहीत लिहितो, कोणी मोबाईलच्या पडद्यावर, कोणी पदरमोड करून तालुक्याच्या छापखान्यातून चाळीस पानांची पुस्तिका काढतो. 2019 साली ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, शासनाला समिती नेमावी लागली, आणि महाराष्ट्र हळहळला. पण ते दुःख काही 2019 साली जन्मले नव्हते. फडातून आलेला शब्द वाचण्याची सवय समाजाला असती, तर ते कळण्यासाठी एवढी वर्षे लागली असती काय? लिहिणाऱ्याकडे दुर्लक्ष झाले की केवळ एक कविता हरवत नाही. एक साक्ष हरवते.

यावर पंडित विचारतात, 'मग दर्जाचे काय?' प्रश्न रास्त आहे. प्रत्येक स्वतंत्र लेखक थोर असतो असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ लेखन कच्चे असते, काही टाकाऊही. परंतु दर्जा वाचल्यानंतर ठरतो. प्रकाशकाचे नाव पाहून नव्हे. कौतुकाची भीक नको, परखड परीक्षण हवे. ज्याच्या लेखनाला कोणी चूकही दाखवत नाही, त्याची उपेक्षा सर्वांत मोठी.

आणि पुरस्कारांचे काय चालले आहे? किती तरी ठिकाणी लेखकानेच प्रवेशशुल्क भरायचे, पुस्तकाच्या तीन-चार प्रती फुकट धाडायच्या, आणि नशीब फळले तर शाल-श्रीफळ घेऊन परतायचे! जानेवारी 2020 मध्ये शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपल्या समाजाची मान उंचावली. तो आनंद उचितच होता. पण एका अध्यक्षाच्या सन्मानाने धर्मग्रामातील लिहित्या मुलीचा प्रश्न सुटत नाही. मांडवाला जेवढा खर्च होतो, त्याच्या दशांशात अशा दहा पुस्तिका छापून निघतील.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक धर्मग्रामाने वर्षातून निदान एक स्वखर्चाने छापलेले पुस्तक पूर्ण किमतीला विकत घ्यावे. 'सप्रेम भेट' मागू नये. तरुण मंडळाने वयोवृद्ध मातांच्या ओव्या त्यांच्या नावागावासह ध्वनिमुद्रित कराव्यात. त्या माता आणि तो ठेवा कायम राहणार नाहीत. आणि या त्रैमासिकाच्या प्रत्येक अंकातील एक परीक्षण अशाच लेखकासाठी राखून ठेवावे, ज्याचे नाव संपादकांनीही पूर्वी ऐकलेले नाही.

दिवा मापाखाली ठेवू नये, हे शुभवर्तमान आपण दरवर्षी ऐकतो. प्रवचनांत त्याचा बोध बहुधा दिव्यालाच केला जातो : बाबा रे, प्रकाश पाड! पण दिवा स्वतःवर माप ठेवून घेत नाही. ते ठेवणारे हात वेगळे असतात, आणि ते उचलण्यासाठीही हातच लागतात.