मधले पाच मॅनेजर वाया गेले नाहीत

मँचेस्टर युनायटेडला खरे मॅनेजर दोनच लाभले, मॅट बझबी आणि अ‍ॅलेक्स फर्ग्युसन, असे मानणारा चाहत्यांचा एक मोठा पक्ष आहे. १९६९ ते १९८६ या काळातले मॅकगिनेस, ओ'फॅरेल, डॉकर्टी, सेक्स्टन आणि अ‍ॅटकिन्सन हे पाचही जण त्याच्या लेखी वाया गेलेली वर्षे. पुरावा एकच: बझबींची पाच आणि फर्ग्युसन यांची तेरा लीग विजेतेपदे, मधल्या पाचांचे शून्य.

आकडे खरे आहेत, निष्कर्ष उथळ आहे. करंडक कोणाच्या कारकिर्दीत आला एवढेच ही यादी सांगते, तो कोणाच्या खेळाडूंनी जिंकला हे सांगत नाही. ओ'फॅरेल यांची हकालपट्टी डिसेंबर १९७२ मध्ये, क्रिस्टल पॅलेसकडून ०-५ अशी हार झाल्यावर झाली. पण त्याच वर्षी त्यांनी अ‍ॅबर्डीनहून आणलेला मार्टिन बुकन १९७७ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप उचलणारा कर्णधार होता. श्रेय डॉकर्टींच्या खात्यात गेले. सेक्स्टन यांनी रे विल्किन्सला घेतले. १९८३ च्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला, कप अ‍ॅटकिन्सन यांच्या नावे लागला. अ‍ॅटकिन्सन यांनी १९८१ मध्ये ब्रायन रॉब्सनसाठी विक्रमी रक्कम मोजली. १९९० मध्ये फर्ग्युसन यांना पहिला करंडक मिळाला, तेव्हा कर्णधार हाच रॉब्सन होता. पेरले एकाने, कापले दुसऱ्याने; आणि हा पक्ष फक्त कापणाऱ्याला शेतकरी म्हणतो.

करंडकच मोजायचे, तर फर्ग्युसन यांची पहिली साडेतीन वर्षेही वायाच म्हणावी लागतील. रटाळ खेळ हा हकालपट्टीला पुरेसा गुन्हा आहे का, हा वाद फार जुना आहे. सेक्स्टन याच ठपक्यावरून, शेवटचे सलग सात सामने जिंकूनही, काढले गेले, आणि त्यांचा संघ १९८० मध्ये लीगमध्ये दुसरा आला होता, हे त्या वादात कोणी बोलत नाही.

मॅनेजरला कोणता संघ मिळाला आणि त्याने मागे कोणता ठेवला, हेच पाहायला हवे. डॉकर्टींच्या हाती संघ १९७४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला, पुढच्याच वर्षी ती श्रेणी जिंकून परतला आणि १९७६ मध्ये लीगमध्ये तिसरा आला. २०१३ मध्ये फर्ग्युसन यांच्या जागी आलेल्या मॉयेस यांना विजेता संघ मिळाला खरा, पण फर्डिनंड, विडिच आणि एव्हरा हे बचावफळीतले तिघेही तिशी ओलांडलेले होते. अ‍ॅटकिन्सन यांच्या पाच पूर्ण हंगामांत युनायटेड एकदाही चौथ्या क्रमांकाच्या खाली गेली नाही.