वाफेआडचे निकोटिन

मालवणच्या उत्तरेस समुद्र आणि कालावलची खाडी यांच्यामध्ये तोंडवली-तळाशीलची चिंचोळी पट्टी पसरली आहे. सुरूचे बन, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, आणि मे महिन्यात मुंबई-पुण्याहून आलेल्या चाकरमान्यांनी भरलेली घरे. अशाच एका परिचित घरी मुक्काम असताना, पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या त्या घरच्या नातवाने पडवीत कुणी नाही असे पाहून खिशातून पेनड्राइव्हएवढी एक वस्तू काढली. "काका, ही मित्राची आहे. नव्या माणसानं सुरुवात करायची, तर कोणती घ्यावी? तयार पॉडची की द्रव भरायची? आणि निकोटिन किती टक्के?" मोबाईल कोणता घ्यावा, हे विचारावे इतक्या सहजतेने त्याने विचारले. आम्ही रागावलो नाही. लपवून ओढणाऱ्यापेक्षा विचारणारा मुलगा केव्हाही बरा, आणि विचारणाऱ्याला उत्तर देणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच असते.

उत्तर द्यायचे तर वस्तू समजून घेतली पाहिजे. आत एक बॅटरी, एक तापणारी तार, कापसाची वात आणि प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंध व निकोटिन यांचे द्रव. जिला वाफ म्हणतात ती खरे तर वाफ नव्हे. तो सूक्ष्म थेंबांचा फवारा असतो. २००३ च्या सुमारास होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने आजच्या स्वरूपातील ई-सिगारेट घडविली. परंतु नवशिक्याच्या दृष्टीने महत्त्वाचे वळण आले ते २०१५ मध्ये, अमेरिकेत 'जूल' बाजारात आली तेव्हा. साधे निकोटिन अधिक प्रमाणात ओढले तर घसा खवखवतो, ठसका लागतो. तो ठसका ही निसर्गाने ठेवलेली राखणदारी आहे. जूलने निकोटिनमध्ये बेन्झोइक आम्ल मिसळून त्याचे क्षार वापरले आणि तो राखणदारच झोपविला. तिच्या पॉडमध्ये निकोटिन होते ५ टक्के. युरोपीय संघाची कमाल मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे २ टक्के. 'सौम्य' लागते म्हणून ते कमी असते, ही समजूत येथेच फसते. आंबा, पुदिना, कलिंगड हे स्वाद तीस वर्षे विडी ओढणाऱ्यासाठी कुणी शोधलेले नाहीत.

दुसरी गोष्ट कायद्याची. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेशाद्वारे ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षअखेरीस संसदेने तसा कायदा केला. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात सारे निषिद्ध; द्रवात निकोटिन असो वा नसो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्याचा रोख ओढणाऱ्यावर नाही, विकणाऱ्यावर आहे. पण याचा व्यावहारिक अर्थ त्या मुलाने लक्षात घ्यावा: या देशात जी वस्तू त्याच्या हाती येईल ती चोरवाटेनेच आलेली असणार. वेष्टणावर २ टक्के छापलेले असेल, आत काय आहे ते तपासणारा कुणी नाही. मग 'योग्य' कोणती, ते ठरवायचे तरी कशावरून?

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जळणाऱ्या सिगारेटमधील डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांच्या तुलनेत ही वस्तू कमी घातक आहे, असे ब्रिटनमधील आरोग्य यंत्रणा मानते. धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांना ती देण्याची योजनाही तेथे २०२३ मध्ये जाहीर झाली. पण ती सवलत आधीच जळत असलेल्यासाठी आहे, कोरड्या लाकडासाठी नव्हे. त्याच ब्रिटनला मुलांच्या हाती पोहोचलेल्या, एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटींवर १ जून २०२५ पासून बंदी आणावी लागली. तेव्हा आमचे उत्तर त्या मुलाला असे होते: तू सिगारेट ओढत नाहीस, म्हणून तुझ्यासाठी योग्य अशी कोणतीच नाही. आणि तो मित्र ओढत असेल, तर त्याने चोरबाजाराऐवजी डॉक्टरांकडे जावे. निकोटिनचे च्युइंग गम औषधाच्या दुकानात मिळते.

मुलाचा प्रतिप्रश्न मात्र झोंबणारा होता. "मग सिगारेट टपरीवर उघड का मिळते? आणि आजोबांची चंची?"

पहिल्या प्रश्नाला सरकारने उत्तर द्यावे. नव्या विषाला दाराबाहेर थोपविले हे योग्यच झाले. परंतु जुने विष ओसरीवर बसून आहे, त्याच्याकडून कररूपाने भाडेही मिळते, आणि ते उठावे अशी घाई कुणालाच दिसत नाही. दुसऱ्याचे उत्तर आपल्याच घरात आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपले मुख्य व्यसन तळहातावर चुन्यासह मळले जाते, पहाटे मिश्री म्हणून दातांना लागते, आणि त्याला आपण व्यसन म्हणतही नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. घरातील चंचीवर कुणाची असणार? नातवाच्या खिशातील वस्तू पाहून संतापणाऱ्या घराने आधी हे पाहावे, म्हणजे संतापाला काही वजन येईल.

तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. निघताना आम्ही तो क्रमांक एका कागदावर लिहून दिला आणि तेथून दोन दूरध्वनी जावेत असे सुचविले, एक नातवाच्या मित्राचा, दुसरा आजोबांचा. आजोबा चंची कमरेला खोचत हसले आणि म्हणाले, "माका आता खयचो फोन!" नातू हसला नाही. कागद त्याने ठेवून घेतला.