पाटीवरचा आकडा

सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. १९१४ च्या महायुद्धात या गावातून इतके जण गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. नाव एकाचंही नाही. अपशिंग्याचा ४६ हा आकडा जिल्ह्यात पुष्कळांना पाठ आहे. गावाला ‘मिलिटरी’ हे उपपद त्यातूनच लागलं. पण त्या ४६ जणांतली चार नावं विचारली तर आपण एकमेकांची तोंडं पाहू.

यंदाचा विशेष विभाग आम्ही या माणसांसाठी राखला आहे.

नावं गाळायची रीत गावच्या पाटीपुरती नव्हती. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार नुसते आकडे. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं याबद्दल माफी मागितली ती २०२१ मध्ये. त्याच इराकात तुर्कांनी घातलेल्या कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून पुढच्या २९ एप्रिलपर्यंत. धान्य आटलं, घोडी कापायची वेळ आली, तरी गावी गेल्यावर जातभाई पंक्तीला घेतील का या धास्तीनं अनेक हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे ते मांस तोंडाला लावलं नाही. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंट पायी तुडवावं लागलं. त्यात किती जण वाटेतच राहिले!

‘ते तर इंग्रजांसाठी लढले’ असं म्हणून हा विषय मिटवणारे आमच्याही ओळखीत आहेत. खरं आहे, इंग्रजांसाठीच लढले. कोरडवाहू जमिनीत भागेना म्हणून बरेच जण भरती झाले. महारांची भरती सरकारनं आधी बंद केली, मग माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडली, आणि दुसरं युद्ध पेटल्यावर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभारली. गरजेपुरतं बोलावून नंतर घरी धाडलेल्या माणसांकडे आज देशभक्तीचा दाखला मागणं आम्हाला तरी जमणार नाही.

व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यांची नावं टिकली. पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले. त्यांचा पुतळा माणगावात आहे. निमजचे नामदेव जाधव १९४५ मध्ये सेनिओ नदीवर लढले आणि परत आले. बाकीच्यांचं काय?

बाकीच्यांची नावं घरातच आहेत. पहिल्या युद्धात शिपायांना मिळालेलं चांदीचं मेडल उभं धरून कड उजेडात फिरवा: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेलं दिसेल. स्मारकावर ज्याला जागा मिळाली नाही त्याचं नाव सरकारनंच तिथे घातलं आहे. अडीअडचणीला अशी मेडलं सोनाराकडे गेली, आटली, त्यांचे करदोटे झाले. गरज होती, दोष कुणाला द्यायचा?

उरलेल्यांसाठी विनंती एवढीच. दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक निघेल, तेव्हा तळ बघा. मेडल चिंच लावून घासू नका, कडेची अक्षरं झिजतात. पोस्टानं आमच्याकडे तर मुळीच पाठवू नका. मोबाइलवर कडेचा फोटो काढा, घरात आजोबांना काय म्हणत ते खाली लिहा आणि पाठवा. पुढच्या अंकात गाववार छापू.